फूड डिलिव्हरी ॲपवर सात महिने रायडर होतो, तासाला हातात किती पडले त्याचा पूर्ण हिशोब

जून ते डिसेंबर २०२५, सात महिने मी पुण्यात एका मोठ्या फूड डिलिव्हरी ॲपवर रायडर म्हणून काम केलं, त्याचा हा रिव्ह्यू. ग्राहकांचे रिव्ह्यू ढिगाने आहेत, बिर्याणी गार आली, कूपन लागलं नाही, पण पाठीवर बॅग घेणाऱ्याला हे ॲप कसं पडतं ते मराठीत नीट लिहिलेलं मला जॉइन होताना कुठे सापडलं नव्हतं, म्हणून लिहितोय. ॲपचं नाव देत नाही. कट्ट्यावर आम्ही थांबायचो तिथे सगळ्या रंगांचे टीशर्ट असायचे आणि गाऱ्हाणं सगळ्यांचं जवळपास एकच होतं, त्यामुळे एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात. वय ४१, राहायला वारज्यात. भोसरीत एका व्हेंडर कंपनीत चौदा वर्षं स्टोअर सांभाळत होतो, कंपनीचं काम आटत गेलं आणि आम्हाला घरी बसवलं. घरात बायको, दोन मुलं, भाडं, मोठ्याचा क्लास. दुसरी नोकरी बघेपर्यंत हातात काहीतरी पाहिजे म्हणून हे धरलं. स्टोअरला असल्यामुळे आवक-जावक लिहायची सवय हातालाच लागलीय, इथेही पहिल्या दिवसापासून वही ठेवली, आणि खाली जे आकडे देतोय ते त्या वहीतले आहेत, अंदाजपंचे एकही नाही.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. जॉइनिंग दोन दिवसांत झालं. लायसन्स, आरसी, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो, संपलं. एक्केचाळीस वय ऐकून नोकरीच्या ठिकाणी लोक जे तोंड करतात तसं इथे कुणी केलं नाही, इंटरव्ह्यू नाही, ओळखपाळख लागत नाही. बॅग आणि टीशर्टचे पैसे पहिल्या पेआउटमधून हप्त्याने कापले, ते आधी सांगितलं होतं त्यामुळे तक्रार नाही. पेआउट दर आठवड्याला ठरल्या दिवशी खात्यात, सात महिन्यांत एकदाही चुकला नाही, आणि ज्यांनी कॉन्ट्रॅक्टरकडे काम केलंय त्यांना कळेल की ही किती मोठी गोष्ट आहे. अडीनडीला दुपारी घरी यावं लागलं, पोराला शाळेतून आणायचं झालं, तर लॉगआऊट करून निघता येतं, कुणाच्या पाया पडायला लागत नाही.

मॅप ठीक. चांदणी चौकात नवीन पूल झाल्यापासून कुठला रॅम्प कुठे उतरतो ते मॅपलाही कळत नाही आणि मलाही पहिले दोन महिने कळलं नाही, एकदा चुकीचा रॅम्प धरला की दोन-अडीच किलोमीटरचा फेरा पडतो आणि त्या फेऱ्याचे पैसे कुणी देत नाही. मोठ्या सोसायट्यांचा पिन कायम मागच्या बंद गेटवर. गेटवर एंट्री, मग सर्व्हिस लिफ्ट, मग चौदावा मजला. ग्राहक मात्र बहुतेक चांगले भेटले हो, पावसात एका आजींनी आत बोलावून टॉवेल दिला होता तो दिवस लक्षात आहे.

आता पैसे. जॉइन होताना सगळे एकच प्रश्न विचारतात, ऑर्डरला किती देतात. मीही तेच विचारलं आणि तिथेच चुकलो, प्रश्न दुसराच विचारायला पाहिजे होता. माझ्या झोनमध्ये, म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि कधीकधी बावधन, ऑर्डरला सरासरी ३८ रुपये पडायचे. हॉटेलपासून ग्राहकापर्यंतचं अंतर मुख्य, हॉटेलपर्यंत जायचे अगदी किरकोळ, आणि ग्राहकाकडून परत आपल्या जागेवर यायचे शून्य. ऐकायला ३८ वाईट वाटत नाही. दिवसात पंधरा-वीस मारू, सहा-सातशे होतील, वर इन्सेन्टिव्ह, असा हिशोब डोक्यात बसतो. पण दिवसात ऑर्डर किती येणार हे आपल्या हातात नाही, आणि ती येईपर्यंत जो वेळ जातो तो कुणाच्याच हिशोबात नाही.

ऑगस्टचा पूर्ण महिना घेतो कारण त्या महिन्यात खाडे कमी झाले, २६ दिवस काम. लॉगिन एकूण २४७ तास. ऑर्डरी ३५१. ऑर्डरींचे १३,३३८ रुपये, इन्सेन्टिव्ह २,६००, टिप ६१०, मिळून १६,५४८. आता खर्च. गाडी चालली २,३४० किलोमीटर, माझी गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते म्हणजे पेट्रोल ४६.८ लिटर, १०४ च्या भावाने ४,८६७ रुपये. ऑईल, ब्रेक, चेन, टायर यासाठी मी किलोमीटरला रुपया बाजूला टाकायचो, ते २,३४०, आणि ते कमीच धरलेत कारण नोव्हेंबरमध्ये मागचा टायर आणि क्लच प्लेट एकदम आल्या. मोबाईल रिचार्ज ३००. खर्च ७,५०७. हातात राहिले ९,०४१ रुपये. २४७ तासांनी भागा, तासाला साडेछत्तीस रुपये.

हे मी पहिल्यांदा काढलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, मी दोनदा परत बेरीज केली. बायकोने विचारलं काय झालं, तिला आकडा सांगितला नाही त्या दिवशी.

गंमत म्हणून नाही, पण ॲपमध्ये त्याच महिन्याची माझी कमाई तासाला १११ रुपये दिसते. तोही खोटा आकडा नाही. ते काय करतात, १६,५४८ ला २४७ ने भागत नाहीत, १४९ ने भागतात, कारण त्यांच्या लेखी मी १४९ तासच काम केलं, ऑर्डर ॲक्सेप्ट केल्यापासून डिलिव्हर्ड दाबेपर्यंतचे. पेट्रोल माझं मी बघायचं त्यामुळे तेही वजा नाही. बाकीचे ९८ तास मी टीशर्ट घालून, बॅग लावून, फोनकडे बघत, ऑर्डरी जास्त येतील म्हणून त्यांनी मॅपवर दाखवलेल्या हॉट झोनमध्ये गाडीवर बसून होतो, ते कुठेच नाहीत. दहातले चार तास. १२ ऑगस्ट, मंगळवारी दुपारी २:५० ते ४ एकही ऑर्डर नाही, पाऊस, एका बंद दुकानाच्या शेडखाली आम्ही सहा जण उभे. वहीत त्या ओळीपुढे फक्त 'थांबलो, १ तास १० मि.' एवढंच लिहिलंय.

कोणी म्हणेल थांबलास म्हणजे काम कुठे केलंस. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते माझ्या जुन्या कंपनीवरून सांगतो. तिथे लाईट गेली, मशीन बंद पडलं, कच्चा माल वेळेत आला नाही, तर हेल्पर पोरं दोन-दोन तास बसून असायची. त्यांची हजेरी कधी कापली नाही. का, तर माल आणायची जबाबदारी मालकाची, हेल्परने आपला वेळ दिलाय आणि तो तयार बसलाय. कंपनी काही फार उदार नव्हती, कायदाच तसा होता. महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळाप्रमाणे ठरतं, मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी आणि जुलैला महागाईप्रमाणे बदलतो, जादा कामाला दुप्पट दर. वेतनपत्रकं माझ्या टेबलवरून जायची म्हणून हे मला माहीत. रायडरला यातलं काहीच नाही. हॉटेल कमी घेतले आणि रायडर जास्त भरले तर ऑर्डर वाटणीला कमी येणार हे उघड आहे, पण किती रायडर भरायचे ते ॲप ठरवतं आणि त्याचा भार आमच्या थांबण्यावर येतो. थांबलेला रायडर त्यांना फुकट पडतो म्हटल्यावर त्यांनी भरती कमी का करावी.

इन्सेन्टिव्हबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण नवीन पोरं त्यावरच येतात. रविवारी १८ ऑर्डरी केल्या तर १५० रुपये जास्त, अट अशी की संध्याकाळचा स्लॉट पूर्ण लॉगिन पाहिजे आणि रिजेक्ट करायचं नाही. माझ्या वहीत सात रविवार असे आहेत की १६ किंवा १७ वर थांबलो. रात्री पावणेअकरा, एक ऑर्डर पाहिजे, फोन वाजत नाही. मुद्दाम थांबवतात असं कट्ट्यावर सगळे बोलतात, मी ते बोलणार नाही कारण माझ्याकडे पुरावा नाही, पण ऑर्डर कुणाला का गेली हे आम्हाला कधी कळत नाही आणि विचारायला माणूस नाही. सपोर्ट म्हणजे चॅट, ठरलेली उत्तरं, 'आपका फीडबॅक महत्त्वपूर्ण है', पुढे शून्य. सपोर्टला मी एक स्टार देतो, तोही जास्त होतोय.

अपघाताचं लिहितो. सप्टेंबरमध्ये रात्री साडेदहाला बावधनला ऑर्डर दिली, डिलिव्हर्ड दाबलं आणि परत येताना उतारावर खडीवरून गाडी घसरली. मनगटाला हेअरलाईन फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. इन्शुरन्स आहे असं जॉइनिंगला सांगितलं होतं आणि ॲपमध्ये कार्डही दिसतं. क्लेम टाकला, एक्सरे, बिलं, सगळं अपलोड केलं. उत्तर आलं की अपघाताच्या वेळी ऑर्डर ॲक्टिव्ह नव्हती त्यामुळे क्लेम बसत नाही. मी लॉगिन होतो, त्यांच्याच ऑर्डरसाठी बावधनला गेलो होतो, परत त्यांच्याच झोनमध्ये येत होतो. नऊ हजार खिशातून गेले आणि तीन आठवडे कमाई बंद ती वेगळीच. हातात पार्सल असेल तेवढा वेळच मी त्यांचा माणूस, पार्सल दिलं की रस्त्यावरचा कोणीतरी. पगारात जी फट आहे तीच इथे इन्शुरन्समध्ये निघाली. तुम्ही जॉइन करणार असाल तर पॉलिसीत 'ऑर्डरवर असताना' लिहिलंय की 'लॉगिन असताना' लिहिलंय एवढं एकच वाक्य आधी बघा.

आमच्या कट्ट्यावर एमपीएससी करणारी तीन-चार पोरं होती, मराठवाड्यातली, दिवसभर अभ्यासिकेत आणि संध्याकाळी सात ते बारा रायडिंग. मला काका म्हणायची. त्यातल्या एकाने मला सामाजिक सुरक्षा संहिता समजावून सांगितली, परीक्षेला येते म्हणून पाठ होती त्याला. केंद्राने २०२० मध्ये केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून बाकीच्या तीन कामगार संहितांबरोबर लागू झाली. गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला तो यात, आणि त्याची व्याख्याच अशी की पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर राहून काम करून कमावणारा. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के एका निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. त्यातून अपघात, आजारपण, म्हातारपण यांच्या योजना. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, ती मी केली, तुम्हीपण करा, पैसे लागत नाहीत. हे सगळं चांगलंच आहे, मी नाव ठेवत नाही. पण त्या पोराला मी विचारलं की यात तासाला इतके तरी मिळालेच पाहिजेत असं कुठे आहे का. तो म्हणाला काका, किमान वेतन दुसऱ्या संहितेत आहे, वेतन संहितेत, आणि ती कर्मचाऱ्यांना लागते, आपण व्याख्येतच बाहेर. साडेसातची ऑर्डर आली आणि तो गेला.

राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. कर्नाटकात प्रत्येक पेआउटवर १ ते ५ टक्के कल्याण निधी आणि रायडरचा आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद करायच्या आधी १४ दिवसांची नोटीस, ही नोटीस मला फार महत्त्वाची वाटते कारण आमच्यातल्या एकाचा आयडी ग्राहकाच्या एका तक्रारीवर रात्रीत बंद झाला होता आणि त्याला कारण कळायलाच आठवडा गेला. पण या कायद्यांचा भरही निधी आणि नोंदणीवर आहे. थांबलेल्या तासाचं काय, ते तिथेच.

ते कुठे सोडवलंय का, तर न्यूयॉर्कमध्ये सोडवलंय, बऱ्यापैकी. माझा मावसभाऊ जर्सी सिटीत असतो, त्याने हे मला सांगितलं आणि मग मी स्वतः शोधून वाचलं. तिथे डिलिव्हरीवाले म्हणजे बहुतेक बाहेर देशांतून आलेली पोरं, मेक्सिको, ग्वाटेमाला, बांगलादेश, ई-बाईकवर. त्यांनी लोस डेलिव्हरिस्तास उनिदोस नावाची संघटना बांधली, २०२१ मध्ये शहराच्या कौन्सिलने कायदा केला, शहराच्या खात्याने आधी अभ्यास केला तर टिप सोडून तासाला ७.०९ डॉलर पडत होते. मग दर ठरवला १७.९६ डॉलर, टिप वेगळी. मोठ्या तीन-चार कंपन्या कोर्टात गेल्या, काही महिने अडकलं, शेवटी डिसेंबर २०२३ पासून द्यायला लागले. एप्रिल २०२४ ला १९.५६, एप्रिल २०२५ ला २१.४४. आणि मला ज्याचं अप्रूप वाटलं ते म्हणजे यात थांबलेला वेळ मोजतात. ॲप चालू ठेवून ऑर्डरची वाट बघतोय तो वेळ आणि ऑर्डरवर पळतोय तो वेळ, दोन्ही. एखाद्या कंपनीला फक्त पळण्याचाच वेळ मोजायचा असेल तर मिनिटाचा दर जास्त द्यायचा. आणि दर ठरवतानाच ई-बाईकचा खर्च त्यात धरलाय.

त्याचे तोटेही झाले, ते लपवणार नाही. कंपन्यांनी टिपचा पर्याय ऑर्डर करतानाच्या स्क्रीनवरून काढून डिलिव्हरीनंतर टाकला आणि टिप घसरली. लॉगिनवर मर्यादा आणल्या, स्लॉट मिळाला तरच काम, कधीही या कधीही जा हे बंद झालं. थांबलेल्याला पैसे द्यायचे म्हटल्यावर ते उगाच माणसं थांबवून ठेवणार नाहीतच. कट्ट्यावर मी हे सांगितलं तर निम्मी पोरं म्हणाली मग नको काका, आपलं आहे ते बरं, मनाला येईल तेव्हा लॉगिन. मी समजू शकतो. पण माझं मत सांगतो, माझी लवचिकता म्हणजे काय होती, दुपारी अकरा ते चार आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा या वेळेबाहेर ऑर्डरच नसतात, त्यामुळे सगळे त्याच वेळेला येतात. मला कंपनीने सांगितलं असतं की आठवड्यात ४५ तासच मिळतील पण प्रत्येक तासाला खर्च जाऊन ठराविक रक्कम नक्की, तर मी डोळे झाकून घेतलं असतं आणि उरलेल्या वेळात दुसरं काम बघितलं असतं.

थांबलेला वेळ हीच खरी मारामारी आहे हे इंग्लंडवरूनही दिसतं. १९ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरांच्या केसमध्ये सांगितलं की हे ड्रायव्हर कायद्याने वर्कर आहेत, म्हणजे किमान वेतनाचा हक्क असलेले, आणि आपल्या भागात लॉगिन करून भाडं घ्यायला तयार आहेत तो सगळा वेळ कामाचा वेळ. पुढच्याच महिन्यात कंपनीने किमान वेतन आणि भरपगारी रजा द्यायचं जाहीर केलं, पण मोजणी कुठून, तर ट्रिप ॲक्सेप्ट केल्यापासून. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये लोकांच्या मतदानाने जो नियम झाला, प्रपोझिशन २२, त्यात किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे, ऐकायला केवढं मोठं, पण तीही फक्त ट्रिपवरच्या वेळेची. माझ्या ऑगस्टला हा नियम लावा, ९८ तास पुन्हा बाहेर. म्हणून कुणी म्हणालं गिग कामगारांना किमान वेतन देणार तर टाळ्या वाजवायच्या आधी एकच विचारा, कुठल्या तासाचं.

आपल्याकडे कॅबवाल्यांचं थोडं पुढे गेलंय कारण त्यांच्याकडे निदान सरकारी भाडं हा प्रकार आहे. पुण्यात आरटीएने, म्हणजे भाडं ठरवणाऱ्या सरकारी परिवहन प्राधिकरणाने, एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये ठरवलेत, ॲप त्यापेक्षा कमी दाखवायचे, म्हणून २०२५ मध्ये पुण्यातल्या बऱ्याच ड्रायव्हरांनी ॲपचं भाडं नाकारून या दराने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि प्रवाशांशी रोज भांडणं झाली. प्रवाशाचाही राग खरा, त्याला ॲपने १८० दाखवलेले असतात. मुंबईत जुलैमध्ये संप झाला, सप्टेंबरमध्ये सरकारने ॲप कॅबला किलोमीटरला २२.७२ ठरवले. केंद्राच्या जुलै २०२५ च्या नियमावलीत स्वतःची गाडी असलेल्या ड्रायव्हरला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळाले पाहिजेत असं आहे. शेजारचा कॅब चालवतो, तो म्हणतो दर कागदावर मिळाला पण रिकामं फिरणं आणि एअरपोर्टला तीन तास लाईनला बसणं कुणी मोजलं नाही. म्हणजे तेच.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही खरं तर. हमालाला तरी कुठे एक मालक होता, आज या गाळ्यावर, उद्या त्या, माल आला तर काम नाहीतर बसून. तरी अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी एकत्र केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के, बोर्डात भरायची, बोर्डाने हमालाला द्यायची, पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा सगळं त्यातून. मालक एक नाही म्हणून हक्क नाही, हे आपल्या राज्याने तेव्हाच मोडून काढलंय. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, पुढे रिक्षा पंचायत. मी रायडिंगला असताना दुपारी मार्केटयार्ड किंवा पेठेत ऑर्डर लागली तर हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकरमध्ये जेवायचो, भाकरी, पिठलं, पोटभर आणि परवडणारं, कुणी बॅगकडे बघून बाहेर थांब म्हणत नाही, त्या जागेला माझे पाच पैकी पाच. ८ डिसेंबरला बाबा आढाव वारले. त्या दिवशी आम्ही कट्ट्यावर बोलत होतो की त्यांनी हमालांसाठी जे केलं ते आपल्यासाठी करायला कोण आहे, तर एक पोरगा म्हणाला ॲपमध्ये डेटा सगळा आहे काका, कोण किती वाजता कुठे थांबलं, हमालांच्या वेळी तर कागदपण नव्हता. बरोबर आहे त्याचं. लॉगिनचं मिनिटामिनिटाचं रेकॉर्ड कंपनीकडे आहे, बोर्ड करायचं ठरवलं तर हिशोब एका दिवसात निघेल.

ग्राहकांना प्रश्न पडेल की मग महाग किती होणार. मी काढून बघितलं. समजा खर्च जाऊन तासाला ७० रुपये नक्की द्यायचे, हा आकडा मी माझ्या घरखर्चावरून धरलाय. २४७ तासांचे १७,२९०. मला मिळाले ९,०४१. कमी पडले ८,२४९, भागिले ३५१ ऑर्डरी, ऑर्डरला साडेतेवीस रुपये. ते ग्राहक, हॉटेल आणि कंपनी यांच्यात वाटले तर कुणाचं कंबरडं मोडेल असं मला वाटत नाही. आणि थांबणं महाग पडायला लागलं की रायडरची भरती बेताची होईल, मग हे साडेतेवीसही खाली येतील.

२५ आणि ३१ डिसेंबरला डिलिव्हरी रायडरांचा देशभर संप होता, ३१ ला मीही लॉगआऊट राहिलो. वर्षातला सगळ्यात जास्त इन्सेन्टिव्हचा दिवस, संध्याकाळपासून बोनस वाढवल्याचे मेसेज येत होते, आणि कट्ट्यावरचे निम्मे कामावर गेले. त्यांना मी काही म्हणालो नाही, हप्ता कुणाला चुकलाय. पुढे जानेवारीत केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलून '१० मिनिटांत डिलिव्हरी'च्या जाहिराती काढायला लावल्या, चांगलं झालं. पैशांचं मात्र अजून तसंच आहे.

डिसेंबर हा माझा शेवटचा महिना, जानेवारीपासून शिरवळला एका गोडाऊनमध्ये लागलोय, स्टोअरलाच. त्यामुळे एकूण रेटिंग: जॉइनिंग चार, वेळेवर पेमेंट पाच, मॅप तीन, सपोर्ट एक, इन्शुरन्स एक, आणि मूळ कामाचा मोबदला दीड. सगळं धरून पाच पैकी दोन. शिक्षण चालू आहे, बाप घर चालवतोय आणि संध्याकाळचे तीन तास हातखर्चाला करायचंय तर करा, संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी नको. घर यावर चालवायचं असेल, गाडी हप्त्यावर घेऊन यात उतरायचा विचार असेल, तर मी नको सांगेन.

आणि तरी करणार असाल तर वही ठेवा, ॲपवर विसंबू नका, आठवड्याने जुनी माहिती ॲपमध्ये शोधायलाच तास जातो. माझे रकाने असे होते: तारीख, लॉगिन वेळ, लॉगआऊट वेळ, ऑर्डरी, ॲपचे पैसे, टिप, गाडीचं सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, पेट्रोल. तिसऱ्या आठवड्यात मी अजून एक वाढवला, आणि तुम्ही तो पहिल्या दिवसापासूनच आखा: थांबलो किती.